कुतुबचाचांची पेटी साताऱ्याला जाते

मिरजेत तंबोरे करणारी घराणी आहेत. त्यांची नावं दुकानांच्या पाट्यांवर आहेत, मोठमोठ्या गवयांबरोबर काढलेल्या फोटोंखाली आहेत. कुतुबुद्दीनचाचांचं नाव कशाखालीच नाही. चाचा तंबोरा करत नाहीत, वाजवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर गाणं सुरू झालं की दहा मिनिटांत त्यांची मान छातीवर येते. तंबोरा तयार झाला की त्यांचं काम सुरू होतं. तो पेटीत बांधायचा आणि रेल्वेनं पाठवायचा, मग गाव कोलकाता असो की लखनौ. सतराव्या वर्षी हे काम हातात घेतलं, आता अडुसष्टावं सरलं. एवढ्या काळात चाचांनी बांधलेला भोपळा फुटला अशी तक्रार एकदाही आलेली नाही. आली असती तर गल्लीनं ती त्यांना जन्मभर विसरू दिली नसती, एवढी गल्ली प्रेमळ आहे.

बांधण्याची पद्धत चाचांची स्वतःची. आंब्याच्या फळ्यांची पेटी, आत भाताचं पिंजर, आणि पिंजरावर जैनबचाचींनी जुन्या चादरींच्या शिवलेल्या उशा. पिंजर असं भरायचं की हात आत सहज जावा, पण बाहेर काढताना त्यानं मनगट धरून ठेवावं. नव्या पोरांना हे जमत नाही. ती एकतर ठासून भरतात, नाहीतर कोंबडीच्या खुराड्यात टाकल्यासारखं सैल टाकतात. चाचांचा मुलगा नईम कुरियरचं ऑफिस चालवतो. तो बुडबुड्यांच्या प्लास्टिकात सगळं गुंडाळतो आणि संध्याकाळी सदऱ्याला एक काडीही न चिकटता घरी येतो. बापलेकांचा यावरून रोज वाद होतो, आणि जेवायला बसले की मिटतो.

पण चाचांचा खरा अभिमान पिंजराचा नव्हता, तारेचा होता. प्रवासात तंबोऱ्याच्या तारा उतरवून ठेवतात, तसं चाचाही ठेवत. मग पेटीच्या आतल्या फळीवर दोन खिळे मारून त्यांत वेगळी एक तार ताणत आणि तिच्याखाली लाकडाचा तुकडा सरकवत. पेटीला धक्का बसला की तार वाजायची आणि अख्खी पेटी गुणगुणायची. ही युक्ती त्यांना तरुणपणी सुचली होती आणि आजवर एकही पेटी त्यांनी तारेशिवाय सोडली नव्हती. हमाल मुकी पेटी आपटेल, असं ते सांगत, पण बोलणारी पेटी आपटताना त्याचा हात अडतो. माणसावर एवढा विश्वास टाकणारे लोक आता फार राहिले नाहीत.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी स्वप्ना बनसोडे नावाच्या बाई त्यांच्या दारात आल्या. साताऱ्याजवळच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवतात. त्यांनी आणि सातारा-सांगलीच्या डझनभर हौशी मंडळींनी मिळून दुर्बिणीचा आरसा घासला होता. आरसा म्हटल्यावर चाचांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा आरसा आला. प्रत्यक्षात ती साडेतीन फूट रुंदीची, चार बोटं जाडीची काचेची चकती होती, परातीसारखी मधे किंचित खोलगट, आणि वजन दीडशे किलो. आष्ट्याच्या एका रिकाम्या गोदामात दर रविवारी जमून मंडळी ती हातानं घासत होती. त्यात सहा वर्षं गेली. दोघांची लग्नं झाली, एकाची पाठ गेली.

घासलेल्या काचेवर चकचकीत मुलामा चढवावा लागतो. कुपवाडला गाड्यांच्या दिव्यांचे आतले आरसे बनवणारा कारखाना होता. तिथल्या मोठ्या टाकीत मालकानं हौसेखातर तो चढवून दिला. मात्र कारखाना दुसरीकडे जाणार होता, टाकी भंगारात निघाली होती, आणि हा मुलामा पुन्हा चढवून मिळणार नव्हता. तो इतका नाजूक की त्यावर धूळ बसली आणि कुणी मायेनं रुमाल फिरवला तरी ओरखडे पडून सहा वर्षं पाण्यात. आता आरसा साताऱ्याजवळच्या टेकडीवर पोचवायचा होता. हमरस्ता जागोजाग खणलेला. मंडळींनी आधी त्याच वजनाची एक साधी काच टेंपोनं पाठवून बघितली. कराड येईपर्यंत तिचे सात तुकडे झाले. तेव्हा कारखान्यातल्या कुणीतरी चाचांचं नाव सुचवलं.

चाचा कुपवाडला गेले, आरशाभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात मागं बांधून. मग म्हणाले, "रस्ता आपटतो, बाई. रेल्वे हलवती. हलवलेलं मी सांभाळतो. आपटलेलं कुणाच्या बापाला सांभाळत न्हाई."

मंडळींपैकी काहींनी नाक मुरडलं. एवढ्या शास्त्रीय वस्तूला पिंजर? नईमनंही घरी सांगून बघितलं की अब्बा, तंबोरा वेगळा आणि हे वेगळं, काही झालं तर पन्नास वर्षांचं नाव एका दिवसात जाईल. चाचांना हे कळत नव्हतं असं नाही. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. पण स्वप्नानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की जबाबदारी माझी, चाचा म्हणतील तसंच होईल. इतक्या शिकलेल्या बाईनं आपल्या भरवशावर मान पुढं केली म्हटल्यावर मागं फिरणं चाचांच्या स्वभावात नव्हतं. स्वप्नाची अट एकच होती. आरशाच्या तोंडाला काही लागायचं नाही, आणि आतली पेटी उघडायची ती बंद, पुसून काढलेल्या खोलीतच. वाटेत काही झालं तरी उघडायची नाही.

चाचांनी दोन पेट्या केल्या, एकीत एक. आतल्या पेटीत आरसा उभा, फक्त कडेवर टेकलेला, तोंडापुढं टीचभर मोकळी जागा. काच उभी जाते, आडवी नाही, हे त्यांचं ठाम मत. सगळ्या फटींवर खळीनं कागद चिकटवला. बाहेरच्या पेटीत पिंजर आणि जैनबचाचींच्या उशा. या वेळी चाचींनी घरातली एक चांगली रजईसुद्धा फाडली आणि त्याबद्दल चाचांना चार शब्द ऐकवले. बांधून झाल्यावर मंडळी चहाला गेली, तेवढ्यात चाचांनी सवयीनं दोन खिळे मारले, तार ताणली आणि झाकण ठोकलं. कुणाला सांगितलं नाही. पेटी बांधणारा माणूस तार लावली हे सांगत बसतो का?

पेटी कुपवाडहून बैलगाडीत, पायी चालीनं मिरज स्टेशनवर आणली. तिथं चाचांना सगळे ओळखतात. साताऱ्याकडं जाणाऱ्या सकाळच्या गाडीच्या मालाच्या डब्यात पेटी चढली ती फळीवरून इंच इंच सरकत, आणि सहा हमाल चाचांच्या शिव्या हसत हसत खात होते. आजवर पेटी चढवली की चाचा घरी जात. या वेळी त्यांनी तिकीट काढलं. जैनबचाचींनी बरोबर चपात्या, भडंग आणि गरज नसताना स्वेटर दिला.

चाचा आणि स्वप्ना शेजारच्या डब्यात बसले. सांगलीला चाचा उतरून पेटी बघून आले. किर्लोस्करवाडीला उतरले. पुढच्या एका थांब्यावर उतरले तेव्हा गाडी हलली, आणि त्यांना धावत येऊन दांडा धरावा लागला. त्यानंतर स्वप्नानं त्यांच्या हातात भडंगाचा पुडा दिला आणि कराडपर्यंत जागचं हलू दिलं नाही. बोलता बोलता चाचांनी विचारलं की या आरशातून दिसणार काय. तिनं शनीची कडी, दूरचे तारकापुंज, असं सांगितलं. चाचांनी मान डोलावली आणि हे सगळं हाताला लागत नाही ना, तुटत नाही ना, एवढीच चौकशी केली. तिला हसू आलं. उसाची शेतं मागं जात होती, कृष्णा एकदा दिसली, आणि सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की चाचांना सुखानं डुलकी लागली.

सातारा स्टेशनवर पेटी उतरवायला आकाराम नावाचा हमाल तीन जोडीदार घेऊन उभा होता. पन्नाशीचा, भरदार मिशांचा गडी. आधी वीस वर्षं एका मोठ्या जंक्शनवर काढून तो आता घराजवळ आला होता. पेटी फलाटावर टेकली, गाडी निघून गेली, आणि सगळं शांत झालं तेव्हा पेटीतून आवाज आला. मधमाशा कोंडल्यासारखा. हळूहळू कमी होत गेला आणि थांबला.

फलाटावरचा सुरक्षा जवान नाथाजी पाच पावलांवर होता. माण तालुक्यातला, तिशीचा, कामाला चोख माणूस. त्यानं लोकांना मागं सारलं आणि पेटी कुणाची म्हणून विचारलं. स्वप्नानं कागद दाखवले. कागदावर आरसा लिहिलं होतं. नाथाजीचं म्हणणं सरळ होतं. आरसा गुणगुणत नाही. आत यंत्र आहे, किंवा जीव आहे, किंवा आणखी काही आहे, आणि ते बघितल्याशिवाय पेटी फलाटावरून हलणार नाही. उघडा.

स्वप्नालाही तो आवाज नवाच होता. तिनं चाचांकडं बघितलं आणि चाचांच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं की हे त्यांचं काम आहे.

"तार हाय ती," चाचा म्हणाले. "मी लावलीया. पेटीला धक्का बसला की वाजती."

"आरशाच्या पेटीत तार कशाला लावता, चाचा?" नाथाजीनं विचारलं.

या प्रश्नाला जगात चाचांशिवाय कुणालाच पटेल असं उत्तर नव्हतं. त्यांनी हमालाचा हात, बोलणारी पेटी, सगळं सांगितलं. नाथाजीनं ते ऐकून घेतलं आणि पुन्हा उघडा म्हणाला, आतली पेटीसुद्धा. मार्चचा वारा सुटला होता. फलाटापलीकडं खडीचा ढीग होता आणि तिथून पांढरी धूळ उठून सरळ पेटीवर येत होती. स्वप्ना सांगत होती की खोलीत चला, बंद खोलीत उघडू. पण संशयाची पेटी माणसांच्या खोलीत न्यायची नाही हा नाथाजीचा नियम, आणि तोही चुकीचा नव्हता. त्यानं पहार मागवली. स्वप्ना धूळ अडवायला पेटीच्या आड उभी राहिली. चाचांना तर तिच्याकडं बघायची लाज वाटली. रस्त्यानं नाही, रेल्वेनं नाही, आपल्या हातानं आपण हा आरसा घालवला, असं त्यांच्या मनात आलं.

आकाराम इतका वेळ पेटीला कान लावून वाकला होता. तो उठला. म्हणाला, "सायेब, ही मिरजेची पेटी हाय. हिला काय उघडायचं? ह्ये बघा." आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं एका कोपऱ्याला हात घातला, पेटी चार बोटं उचलली आणि सोडली.

पेटी दणकून वाजली. लांब, गोड, घुमत वाजली. 

"आयकलं? तार हाय," आकाराम खुशीत सांगत होता. "जंक्शनला असताना आमाला ठावं असायचं. मिरजेची पेटी आली की च्याच्या टायमाला सगळी गोळा व्हायची. एक जण कोपरा सोडायचा, बाकीची आयकायची. लय ग्वाड वाजती. काय काय दिवशी तर धा-धा येळा सोडायचो."

नाथाजी हसला. ज्या माणसानं वीस वर्षं हा आवाज ऐकला त्याच्या शब्दावर त्याचा विश्वास बसला. त्यानं वहीत नोंद केली, आकारामची सही घेतली आणि पहार परत पाठवली. फक्त एकदा अजून वाजवून दाखव म्हणाला. त्यावर चाचा पेटीवर आडवे पडले आणि त्यांना उठवायला दोघं लागले.

टेकडी तिथून चार मैलांवर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाळूच्या पोत्यांवर पेटी ठेवली आणि माणूस चालेल त्या वेगानं निघाले. आकारामही मदतीला आला होता आणि चाचांना अधूनमधून तंबाखू देऊ करत होता. त्या पेट्या बांधणारा माणूस समोर बसलाय हे कळल्यावर त्याला फार आनंद झाला होता. चाचांना त्याच्यावर रागावताही येईना. ज्या तारेच्या भरवशावर ते पन्नास वर्षं झोपले, त्या तारेनंच लोकांना पेट्या आपटायला शिकवलं होतं. आणि मघाचा तो दणका. साध्या काचेचे कराडपर्यंत सात तुकडे झाले, मग या आरशाचं काय?  स्वप्नाचंही सगळं लक्ष पेटीच्या आत होतं.

टेकडीच्या पायथ्याशी शाळेचं लांबलचक सभागृह होतं. ते दोनदा ओल्या फडक्यानं पुसलं होतं, खिडक्या लावल्या होत्या. सगळ्यांनी पायताणं बाहेर काढली. बाहेरची पेटी व्हरांड्यात उघडली. उशा, रजई, पिंजर निघालं. आतली पेटी सभागृहाच्या पार पुढच्या टोकाला नेली. चाचांना तिथं थांबवेना. तुम्हीच उघडा म्हणाले आणि मागच्या दाराशी, चाळीसेक फुटांवर जाऊन भिंतीला टेकले. काही आवाज आला तर लगेच बाहेर पडता यावं म्हणून.

कागद फाटले. फळी निघाली. मंडळींनी आरसा उचलून लाकडी घोडीवर उभा केला, तोंड सभागृहाकडं करून. कुणी ओरडलं नाही. उलट कुणीतरी टाळी वाजवली. चाचांनी हळूच मान वर केली आणि आरशात बघितलं.

आरशात ते स्वतः होते, लहानसे आणि उलटे. पाय वर, टोपी खाली, दार छताकडं. कुपवाडला बांधताना याच आरशात त्यांनी स्वतःचा चेहरा चांगला सरळ, मोठा बघितला होता. चाचांना वाटलं, संपलं. तडा गेला नाही, पण आतून काहीतरी फिरलं. त्या दणक्यानं आरसा बिघडला, आणि या लोकांना अजून कळलेलंही नाही.

ते तिथूनच बोलले.  "बाई, माफ करा. मी उलटा दिसतूय. आरसा खराब झालाय."

स्वप्ना वळली. क्षणभर तिला समजलं नाही, मग समजलं, आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ती पुढं आली नाही, जागेवरूनच म्हणाली, "चाचा, या. असेच सरळ चालत या माझ्याकडं. हळू या. आणि आरशात बघत या."

चाचा निघाले.  दहा पावलं ते उलटेच होते, मोठे होत होते. मग त्यांची टोपी, दाढी, सदरा सगळं एकमेकांत विरघळलं आणि आरसाभर नुसता पांढरा उजेड झाला. ते थांबले. स्वप्नानं हातानं या म्हणून खुणावलं. आणखी काही पावलं टाकली आणि त्या उजेडातून एक चेहरा वर आला, सरळ, परातीएवढा. दाढीचा केस न् केस वेगळा. डोळ्याखालची चामखीळ सुद्धा.

लांबून हा उलटाच दाखवतो, स्वप्ना सांगत होती, जवळून सरळ. मधे खोलगट आरसा असाच असतो, आणि अगदी बरोबर घासलेला असला तरच इतकं स्वच्छ दिसतं. कुठं तडा नाही, कुठं ताण नाही, मुलाम्यावर पिंजराचा कणसुद्धा नाही. तुम्ही बांधला तसाच्या तसा आलाय. मंडळी चाचांच्या पाठीवर हात ठेवत होती. आकाराम दारातून डोकावून, दणक्यानं काय होत नसतंय, असं सगळ्यांना पटवत होता.

चाचा खाली फरशीवर बसले आणि रडायला लागले. पोरासारखे, आवाज करून. कुणीतरी पाणी आणलं. ते प्यायले, टोपी नीट केली.

"बाई, पन्नास वर्सात माझी एक बी पेटी उघडताना मी बघितली न्हाई," ते म्हणाले. "पेटी गेली की गेली. लोकं गप बसली की समजायचं, फुटली नसंल."

 स्वप्नानं मागचं दार धूळ येऊ नये म्हणून लावून घेतलं, चाचांना हात देऊन उठवलं, आणि दारापासून आणखी एकदा आरशात बघत चालत यायला सांगितलं.